काकांचा पांढरा, माझा पिवळा

निळ्या झाकेच्या पांढऱ्या एलईडीचा मला मनापासून तिटकारा आहे, हे आधीच सांगून टाकते. धारहून इंदूर आणि इंदूरहून देवास असा बसचा प्रवास करायचा म्हटलं की समोरून येणारा प्रत्येक ट्रक, प्रत्येक मोटरसायकल कपाळावर तोच मेला उजेड घेऊन येते. डोळ्यांत सुया टोचतात. वर शेजारचा प्रवासी मला समजावतो, "नई वाली लाइट है मैडम, सब साफ दिखता है." डोंबल साफ दिसतं! झाडं मेल्यासारखी दिसतात, माणसाचं तोंड पोस्टमार्टेमच्या टेबलावरचं दिसतं. हा रंग ज्यानं आपल्या सगळ्यांच्या माथी मारला, त्याला एकदा माझ्या वर्गात आणून बाकावर उभं करायची माझी फार इच्छा आहे.

वर्ग आता राहिला नाही. मी फिजिक्स शिकवायचे, आधी सरदारपूरला, मग धारला, सगळं हिंदीतून. रिटायर झाल्यावर मी रेल्वेची इंजिनं करायला लागले. खरी नव्हेत, सनबोर्ड कापून केलेली, हातभर लांबीची, खाली छोटी मोटर आणि समोर दिवा. आमच्या धारला रेल्वे नाही. मी फ्रॉकमधे होते तेव्हापासून "येणार, येणार" ऐकतेय. आता पटरीचं काम चाललंय म्हणतात, चालू दे बापडं. माझ्या हॉलमधे ती केव्हाच आली. शेजारच्या बाई येतात, दारातूनच बघतात आणि म्हणतात, "टाइमपास अच्छा है आपका." तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या. एकट्या बाईनं स्वेटर विणला तर ती कला, आणि इंजिन केलं तर टाइमपास.

पण इंजिनांचं वेड मला धारमधे लागलं नाही. ते देवासचं. देवासला माझे काका राहतात, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आयुष्यभर डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर होते. मे महिन्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे जायचे आणि संध्याकाळी काकू मला स्टेशनवर न्यायची. उज्जैनच्या बाजूनं आधी एक पिवळा ठिपका दिसायचा, मग त्याचा बत्तासा व्हायचा, मग सगळा प्लॅटफॉर्म पिवळा व्हायचा, आणि त्या पिवळ्याच्या मागं कुठंतरी माझे काका असायचे. दिसायचे नाहीत. दिव्यापुढं कोण दिसणार? गाडी थांबली की खिडकीतून त्यांचा हात बाहेर यायचा, तेव्हा कळायचं आज तेच आहेत.

तर हे काका, ज्यांची आख्खी नोकरी डोळ्यांवर झाली. रेल्वेचा डॉक्टर ठिपक्यांचं पुस्तक समोर धरायचा आणि ठिपक्यांतला आकडा ओळखायला सांगायचा. काका पान पूर्ण उघडायच्या आत आकडा सांगायचे. "ए-वन" हा त्यांच्या डोळ्यांचा दर्जा होता आणि तो ते नावापुढं डिग्री लावावी तसा सांगायचे. लग्नकार्यात कुणी चष्मेवाला दिसला की, "काय रे, बी-टू का?" म्हणून छेडायचे. त्याच माणसाला काचबिंदू झाला. इथं सगळे काला मोतिया म्हणतात. डॉक्टरनं थेंब दिले, रोज घालायचे, चुकवायचे नाहीत. यांनी घातले नाहीत! का? तर "मला समोरचं सगळं स्वच्छ दिसतंय, ए-वन आहे मी." समोरचं दिसतच असतं हो काचबिंदूत, तो कडांकडून खात येतो. मी फोनवरून घसा फोडून सांगितलं, काकूनं देवापुढं बसून सांगितलं. पण ऐकतील तर ते ड्रायव्हर कसले! शेवटी दाराच्या चौकटीला दोन्ही खांदे आपटायला लागले, तेव्हा डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाला, आता नळीतून बघावं तेवढंच उरलंय, आणि तेही किती टिकेल सांगता येत नाही. मला इतका संताप आला की काकांशी बोलायचंच नाही असं मी ठरवलं. दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या शेजारी तोंड फिरवून बसले.

तेच बोलले मग. म्हणाले, "बाई, एक इंजिन करशील माझं? जुनं, एका मोठ्या दिव्याचं."

"करते की. एवढंच ना?"

"दिवा मात्र खरा पाहिजे. मला तो समोरून बघायचाय. इतकी वर्षं चालवलं, पण आपण कायम दिव्याच्या मागं. माझी गाडी येताना तुम्ही सगळ्यांनी बघितली, मीच नाही बघितली. डोळे आहेत तोवर एकदा माझी गाडी माझ्याकडं येताना बघतो, म्हणजे झालं."

झालं म्हणे. माझा राग कुठल्या कुठं गेला. दिवाळी तोंडावर होती. इंजिनाचा सांगाडा माझ्याकडे अर्धा तयारच होता, राहिला होता तो दिवा, आणि मला वाटलं, दिवा म्हणजे काय, पाच मिनिटांचं काम.

कपाळ माझं! पाच मिनिटांचं काम म्हणे.

पहिली खेप मी अगदी शहाण्यासारखी केली, फोन करून विचारलं, "काका, दिवा कुठल्या रंगाचा होता?" काका ठामपणे म्हणाले, "पांढरा." मी म्हटलं, "पांढरा? मला तर पिवळा आठवतो." तर भडकलेच. "पिवळा सिग्नल असतो! पिवळा दिसला की गाडी हळू करायची असते. हेडलाइट पिवळा म्हणशील तर पहिल्याच दिवशी घरी पाठवतील तुला. हेडलाइट पांढराच." आता ए-वन माणूस सांगतोय, तर आपण कोण? मी पांढरा एलईडी बसवला, इंजिन डब्यात घातलं, दोन बसा बदलून देवासला गेले, पडदे लावून दिवा लावला. काकांनी मान कलती करून त्यांच्या त्या उरलेल्या नळीतून बघितलं आणि म्हणाले, "हा काय आहे?"

"पांढरा. तुम्हीच म्हणालात."

"हा पांढरा आहे? हा मेलेला आहे! हा दवाखान्याचा आहे. माझा दिवा पांढरा होता, पांढरा!"

काकांचा मुलगा शेजारीच उभा होता. माझा चुलतभाऊ, इंदूरला कंप्युटरच्या नोकरीत आहे, शनिवार-रविवार घरी येतो. वयानं चाळिशीला आला तरी माझ्यासाठी छोटूच, आणि मी त्याची जिजी, मोठी बहीण. त्याचं सगळं शिक्षण हिंदी आणि इंग्रजीत झालं, त्यामुळे मराठी बोलतो ते तुकड्यातुकड्यांनी, वाचायला सांगितलं तर तोंड वाकडं करतो. तो म्हणाला, "जिजी, क्या फरक पड़ता है यार? लाइट लाइट असते. पप्पांना इंजिन दिसलं ना, बस."

फरक काय पडतो! हे वाक्य एखाद्यानं म्हटलं की मला त्याचे कान उपटावेसे वाटतात. या वाक्यावर आख्खा देश चाललाय. भाजीत हिंग नाही, फरक काय पडतो. पोराला मातृभाषा वाचता येत नाही, फरक काय पडतो. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो हसत हसत म्हणाला, "जिजी, तू वर्गात पण अशीच होतीस का? बिचारे बच्चे." काकू आतून म्हणाली, "अगं, चहा तरी घे, मग भांड."

त्यानंतर मी बाजार पालथा घातला. धारचा, इंदूरचा, देवासचा. जिथं जावं तिथं दुकानदार एकच रंग काढणार आणि एकच वाक्य बोलणार, "मैडम, आजकल यही चलता है." मी म्हणायचे, पिवळसर दाखवा. तो पिवळाधमक काढायचा, हळदीकुंकवाच्या करंड्यातला. मी म्हणायचे, इतका नको, वॉर्म व्हाइट द्या. ते नाव पाकिटावर छापलेलं असतं, आत काय निघेल ते नशीब. एका पाकिटातला संत्र्याच्या गोळीसारखा, दुसऱ्यातला ट्यूबलाइटसारखा. एका दुकानदारानं मला शेवटी विचारलं, "भेन जी, लगाना किसमें है?" मी म्हटलं, रेल्वे इंजिनात. तो माझ्याकडे बघत राहिला आणि गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाला, "भिया, इनको आप ही देखो."

दिवाळीत तर विचारू नका. गल्लीभर निळ्या माळा. मी आमच्या माळ्यावरची जुनी माळ काढली, एकेक दिवा कापून लावून बघितला. प्रत्येक दिवा देवासला नेऊन काकांना दाखवायचा, काका प्रत्येक वेळी म्हणणार, "पांढरा पाहिजे." जरा पिवळसर लावला की, "हा सिग्नल झाला." पांढरा लावला की, "हा मेलेला." मी चिडून म्हटलं, "काका, तुमच्या पांढऱ्याला दुसरं काही नाव आहे का?" ते विचार करून म्हणाले, "पांढरा म्हणजे पांढरा. जसा असायचा तसा." घ्या! फिजिक्सची इतकी वर्षं चुलीत घालावीत अशी व्याख्या.

आणि मग एकदा त्यांनीच कोडं सोडवलं, तेही मला शिव्या घालताना. मी नवा एलईडी लावून इंजिन त्यांच्याकडे तोंड करून ठेवलं होतं. ते वैतागून म्हणाले, "तू दिवा माझ्या डोळ्यांत काय मारतेस गं सारखी? दिव्याकडं कोण बघतं? ड्रायव्हर गिट्टीकडं बघतो!"

खरंच की. त्या माणसानं आयुष्यात तो दिवा बघितलाच नव्हता. त्यानं बघितली ती दिव्यात उजळलेली गिट्टी, म्हणजे रुळांखालची खडी, पटरी, कडेचे बाभळीचे काटे, पटरीवर बसलेल्या म्हशी. अंधारात तोच एक उजेड असला की डोळे त्यालाच पांढरा मानतात, हे मी स्वतः पोरांना शिकवलेलं. घरात पिवळा बल्ब असला तरी वहीचा कागद आपल्याला पांढराच दिसतो, आणि तीच खिडकी बाहेर रस्त्यावरून बघितली तर पिवळी. काका वहीजवळ बसले होते आणि मी रस्त्यावर उभी होते. त्यांचा पांढरा आणि माझा पिवळा एकच दिवा होता! मला स्वतःचाच इतका राग आला की मी इंजिन तिथंच टाकून अंगणात गेले, तर मागून काका ओरडले, "आता काय झालं? रुसलीस का?"

"नाही! कळलं मला!"

"काय कळलं?"

"तुम्ही इतके दिवस बरोबर होतात, हे कळलं!"

"ते मला आधीपासून माहीत आहे," काका म्हणाले.

मग काम नीट सुरू झालं. अंगणातल्या कुंडीतली बारीक खडी एका लांब ट्रेमधे पसरली, तिच्यावर दोन पट्ट्या ठेवल्या, कडेला झाडाची हिरवी फांदी, पट्ट्यांवर इंजिन. काकांना इंजिनाच्या मागं बसवलं, दिव्याचा उजेड त्यांच्यापासून पुढं गिट्टीवर पडेल असा. पडद्यांवर चादरी टाकून खोली भर दुपारी काळोखी केली. वॉर्म व्हाइट एलईडीला मी काचेवर चित्रं काढायचा पारदर्शक रंग लावायचे, पिवळ्यात शेंदरीचं बोट मिसळून, पातळ, एक हात. वाळवायचा, लावायचा, काकांना विचारायचं. दुसरा हात. काकांची मान कलती, तोंड जरासं उघडं, त्या नळीतून गिट्टीचा एवढासा तुकडा धरून ठेवलेला. "अजून थंड आहे." तिसरा हात. "आता झाडाचं पान तपकिरी दिसतंय, ते नको." पुसायचा, परत. मला सांगा, हा टाइमपास आहे? धडधाकट डोळे असलेली माणसं दुकानात बसलीयत आणि ज्याचे डोळे चाललेत तो माणूस एका खड्याच्या सावलीवरून सांगतोय की शेंदरी जास्त झाला.

दिवसागणिक त्यांना वेळ जास्त लागायला लागला होता. आधी ते चटकन सांगायचे, आता गिट्टी शोधायलाच मान फिरवत राहायचे. मी आठवड्याला यायचे ती दर दोन-चार दिवसांनी यायला लागले. काकू माझ्या पानात वाढलेल्या भातावर तूप जास्त घालायची.

आणि एका रविवारी काका म्हणाले, "थांब. हाच."

मी म्हटलं, "नक्की?"

"हा माझा पांढरा. बघ ना, खड्यावर कसा बसलाय. पलीकडं म्हैस असेल तर आता दिसेल." त्यांचा आवाज असा झाला की मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. म्हणाले, "चल, आता फिरव. समोरून बघू दे माझी गाडी."

ते क्षणभर असे बसले, जसा कुणी पाहुणा यायचाय. सदऱ्याची कॉलर नीट केली. खरंच केली. मी ट्रेजवळ वाकले. चुलतभाऊ टेबलापाशी उभा होता, त्याच्या हातात करंटचा खटका आणि कमी-जास्त करायचं बटण. रंग पक्का ठरला की करंट आवरणारा कायमचा रेझिस्टन्स लावायचा असं मी ठरवलं होतं, तोवर बटण फिरवून बेतानंच करंट द्यायचा. मी इंजिनाला हात लावणार, तेवढ्यात काकू दारातून ओरडली. तिला विजेची भारी धास्ती. म्हणाली, "अगं अगं, हात नको लावू! अरे, आधी दिवा वाढव, मग फिरवू दे तिला!"

आणि त्यानं वाढवला.

आमची काकू धारची, जुन्या दरबारी घरातली. तिच्याकडे दिवा विझवणं हा शब्द उच्चारत नाहीत, अशुभ असतं. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. मी या भाषेत वाढले, मला ते ऐकताना कळतसुद्धा नाही. आणि हा गाढव! ज्या आईच्या हातचं जेवून चाळीस वर्षांचा झाला तिचा एक शब्द याला कळला नाही. वाढव म्हणजे जास्त कर. केला ना जास्त! पूर्ण फिरवलं बटण. एलईडी एकदम निळापांढरा भडकला, तोच तो मेला उजेड, टप् झालं आणि खोलीत जळका वास सुटला.

"डोळे फुटले का तुझे?" मी किंचाळले. "दिसत नाही का मी हात घालतेय ते? आंधळा आहेस का?"

बोलून गेले. चुलतभाऊ बटण धरून तसाच उभा. काकूचा पदर तोंडाशी. मी मेले तरी बरं असं मला झालं.

काका म्हणाले, "त्याचे नाही गं. माझे."

आणि हसले. ते हसले याचा मला जो राग आला, तो आजही शिल्लक आहे. रागवायचं की तुम्ही! उचलून फेकायचं ते इंजिन. थेंब घातले नाहीत तेव्हा हेका धरलात, हेडलाइट पिवळा म्हटलं तर फोनवर भांडलात, आणि आता, आता हसताय? चुलतभाऊ म्हणत होता, "जिजी, मम्मीनं वाढव म्हटलं, मी वाढवला, माझी काय चूक? तुम लोग ऐसी मराठी बोलते क्यों हो?" आणि काकू म्हणत होती, "मी वाढवच म्हटलं हो, मी काय वेगळं म्हटलं?" दोघंही खरं बोलत होते, दोघांवरही रागावता येत नव्हतं आणि दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटत होती. मी तशीच पर्स उचलून बसस्टँडला गेले. देवासच्या टेकडीवरच्या देवळाचे दिवे लागायच्या आत इंदूरच्या बसमधे बसले आणि सगळ्या वाटेवर समोरून तेच निळे दिवे येत राहिले.

धारला येऊन मी परत रंग करायला बसले. वॉर्म व्हाइट, पिवळा, शेंदरीचं बोट, एक हात, दोन हात. तो रंग मी बघितला होता, गिट्टीवर बघितला होता, मला तो आठवत होता. पण मला आठवून काय उपयोग? मी प्लॅटफॉर्मवरची. हात लावून, पुसून, परत लावून माझी बोटं शेंदरी झाली. शेवटी एक दिवा जमला. तोच असावा. रेझिस्टन्स आधी पक्का जोडला, एकदा नाही, दोनदा ओढून बघितला. बटणबिटण काही नको, एकच खटका, लागला की लागला. देवाला घाबरत नाही मी, पण माझ्या भावाला घाबरते.

मधे चुलतभावाचा फोन आला होता. म्हणाला, "जिजी, मी मम्मीला विचारलं. फूल वाळतं त्याला पण वेगळं म्हणतात का?" मी म्हटलं, "आता कशाला पाहिजे तुला?" तर म्हणाला, "ऐसे ही." मग म्हणाला, "जिजी, लवकर ये. पप्पा आता भिंतीला हात लावून चालतात."

लवकर ये म्हणे. मी काय धारला हवा खायला बसले होते? पण गेले. त्याच दिवशी गेले, संक्रांत जवळ आली होती आणि काकूनं तिळाचे लाडू केलेले होते. दुपार होती. नवा दिवा इंजिनात बसवला, चादरी टाकून खोली काळोखी केली. काका खुर्चीत बसले होते, अंगात धुतलेला सदरा, कॉलर नीट. मी आल्याचं कळलं तसं म्हणाले, "आलीस? रुसलेली आहेस की बरी आहेस?"

"रुसलेलीच आहे."

"मग ठीक आहे," काका म्हणाले.

काकू इंजिनाच्या मागच्या बाजूला, भिंतीशी जमिनीवर बसून वाती वळत होती. तिला दिवा दिसणार नव्हता, तिला काही तो बघायचाही नव्हता. चुलतभाऊ माझ्या शेजारी उभा होता, दोन्ही हात पाठीमागं बांधून, शाळेत उभं केल्यासारखा. मी विचारलं, "काका, आधी मागून बघता? गिट्टीवर?"

"नको. मागून पुष्कळ बघितलं. समोरूनच दाखव."

मी इंजिन त्यांच्याकडे तोंड करून ट्रेच्या टोकाशी ठेवलं, त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर. वायर गुंतली होती ती मोकळी केली. म्हटलं, "ठेवलं हं काका, तुमच्याकडं तोंड करून." आणि खटका कुठं गेला तो चाचपडायला लागले.

काकांनी मान कलती केली. तोंड जरासं उघडं, नेहमीसारखं.

"अरे वा," ते म्हणाले. "छान दिसतोय गं. तू म्हणत होतीस तेच खरं. पिवळा आहे."

माझा हात खटक्यावर होता. मी तो दाबला नव्हता.

हेडलाइटला पिवळा म्हटलं तर घरी पाठवतील, असं सांगणारा माणूस. फोनवर माझ्याशी भांडलेला माणूस. चुलतभावानं माझ्याकडे बघितलं, त्याला दिवा बंद आहे ते दिसत होतं. त्यानं तोंड उघडलं आणि मी त्याच्याकडे अशी बघितली की त्यानं ते मिटलं. मला ओरडायचं होतं. खोटं का बोलता, असं ओरडायचं होतं. पिवळा म्हणू नका, पांढरा म्हणा, भांडा माझ्याशी, मेलेला आहे म्हणा, काहीतरी म्हणा!

"काय गं?" काका म्हणाले. "पिवळा आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

मागून काकू म्हणाली, "पाहिलात ना मनासारखा? झालं तर मग. आता दिवा वाढव गं बाई, आणि चहा घ्या सगळे."

"हो काकू," मी म्हटलं, आणि खटका दाबला.

लागला. काकांच्या कपाळावर, गालांवर, सदऱ्याच्या कॉलरवर तो पिवळा पसरला, थेट स्टेशनवरचा. काकांनी पापणी हलवली नाही.

"वाढवलास का?" काकांनी विचारलं.